पंखा फिरताना दिसला पाहिजे
आकाशाकडे लेन्स : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की सूर्य मावळला म्हणून विमानांचे फोटो काढणाऱ्याने कॅमेरा पिशवीत ठेवायचं कारण नाही. त्यावर आलेल्या पत्रांत रात्रीबद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त आहेत, म्हणून या वेळी त्यांना जास्त जागा दिली आहे. माझी नोकरी विमानांच्या देखभालीची होती आणि बरीचशी रात्रपाळीची. कॅमेरा हातात आला तो पुढे. त्याआधीच विमानाचे दिवे, पंखे आणि सवयी ओळखीच्या झाल्या होत्या. त्यामुळे माझी उत्तरं कॅमेऱ्याच्या बटणाकडे वळण्याआधी विमानाकडे बघतात, आणि तुम्हीही तसंच बघावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : शटर १/२००० सेकंदावर ठेवते, फोटो धारदार येतो. पण पंख्याचं विमान असलं की ते आकाशात टांगून ठेवल्यासारखं दिसतं. माझं काय चुकतंय?

शटर गरजेपेक्षा फार वेगवान आहे, एवढंच. पाती जागच्या जागी थिजली की बघणाऱ्याला वाटतं, इंजिन बंद पडलंय.

एटीआर ७२ या दोन पंख्यांच्या प्रवासी विमानाचं उदाहरण घ्या. आज दिसणाऱ्या बहुतेक एटीआर ७२ विमानांच्या पंख्याला सहा पाती असतात आणि उड्डाणाच्या वेळी तो मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. सहा पाती म्हणजे शेजारच्या दोन पात्यांत ६० अंशांचं अंतर. १/२००० सेकंदात पातं साडेतीन अंशांच्या आसपास सरकतं, ते डोळ्यांना कळतही नाही. १/१२५ ला तेच पातं ५७-५८ अंश फिरतं, शेजारच्या पात्याच्या जागेला जवळजवळ भिडतं आणि फोटोत पूर्ण, पारदर्शक चकती उमटते. सेस्ना १७२ या छोट्या, एका इंजिनाच्या विमानाला दोनच पाती. पूर्ण जोरावर तिचा पंखा मिनिटाला २७०० फेऱ्यांपर्यंत जातो, तरी पात्यांतलं अंतर १८० अंशांचं असल्यामुळे पूर्ण चकतीसाठी १/९० च्या आसपास उतरावं लागतं. हेलिकॉप्टरचं आणखी कठीण. बेल २०६ चा वरचा मोठा पंखा मिनिटाला जेमतेम ४०० फेरे घेतो. तिथे १/६० ला सुद्धा पात्याचा फक्त एक पंखाकृती तुकडा रंगतो, पण तेवढ्यानेही हेलिकॉप्टर जिवंत वाटतं.

आता दुसरी बाजू. उतरणारं प्रवासी विमान सेकंदाला साधारण ७० मीटर पुढे जातं. १/१२५ सेकंदात ते अर्ध्या मीटरहून जास्त सरकलेलं असतं. मग ते स्पष्ट यायचं कसं? विमानाच्या वेगाने कॅमेरा फिरवून, म्हणजे पॅनिंग करून. विमान जिथे तुमच्या अगदी समोर येणार आहे त्या दिशेला पावलं रोखून उभ्या राहा, आणि कमरेपासून वरचं अंग मागे, विमान येतंय त्या बाजूला वळवा. कोपरं बरगड्यांना चिकटलेली असू द्या. विमान लांब असतानाच त्याला व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, पकडा आणि त्याच्यासोबत फिरत या. वैमानिकाच्या खिडक्या किंवा पुढचा दरवाजा असा एकच ठिपका निवडा आणि तो चौकटीत एकाच जागी धरून ठेवा. अंग सरळ होताना शटर दाबा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शटर सुटल्यावरही फिरणं थांबवू नका. हात थांबतो तो नेमका त्याच क्षणी, आणि फोटो तिथेच बिघडतो. लेन्सवर स्थिरीकरणाचा दुसरा मोड असेल तर तो लावा, कारण तो आडवं फिरणं तसंच राहू देतो आणि फक्त वरखाली होणारा हलका कंप सावरतो.

एकदम १/१२५ वर जाऊ नका. १/३२० पासून सुरुवात करा, हात बसला की एकेक पायरी उतरा. बरेच फोटो वाया जातील, ते सगळ्यांचेच जातात. विमान बाजूने, तुम्हाला समांतर जात असेल तेव्हाच हे नीट जमतं. तिरकं येणाऱ्या विमानाचं नाक स्पष्ट आणि शेपूट पुसट येते, कारण दोन्ही टोकांचा तुमच्या दृष्टीने असलेला वेग वेगळा असतो.

भर उन्हात एक अडचण येते. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १०० असताना १/६० साठी अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ/१६ च्याही पलीकडे बंद करावं लागतं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). त्याने बारकावे मऊ होतात आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आकाशात दिसायला लागतो. प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर ढगाळ दिवस निवडा. जेट विमानांना फिरती पाती बाहेर दिसत नसल्याने १/५०० ते १/१००० खुशाल ठेवा.

प्रश्न : रात्री विमानतळाबाहेरून काढलेले सगळे फोटो हललेले किंवा दाणेदार येतात. नवा, महागडा कॅमेरा घेतल्याशिवाय रात्रीचे फोटो जमणारच नाहीत का?

जमतात, आणि आहे त्या कॅमेऱ्यावर जमतात. पण रात्रीत तीन वेगवेगळी कामं असतात, आणि तिन्हींना एकच सेटिंग लावल्यामुळे निराशा येते: उभं असलेलं विमान, चालतं विमान, आणि दिव्यांच्या रेघा. सुरुवात उभ्या विमानापासून करा, तिथे साधा कॅमेराही उत्तम फोटो देतो.

एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, उंच खांबांचे दिवे असतात. ट्रायपॉड लावा, लेन्सचं स्थिरीकरण बंद करा, दोन सेकंदांचा टायमर ठेवा. आयएसओ १०० किंवा २००, एफ/८ आणि काही सेकंदांचं शटर. फोकस हाताने करा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठं करून शेपटीजवळच्या नोंदणीच्या अक्षरांवर किंवा वैमानिकाच्या खिडकीच्या कडेवर तो बसवा. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर आंधळा विश्वास नको: चौकटीत काळं आकाश जास्त असलं की तो फोटो गरजेपेक्षा उजळ करतो आणि पांढऱ्या विमानाचं अंग जळून जातं. एक पायरी कमी करून, म्हणजे उजेड निम्मा करून बघा.

आता दिवे. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल बीकन, म्हणजे लुकलुकणारा इशाऱ्याचा दिवा असतो. इंजिन सुरू करण्याआधी तो लावतात, जमिनीवरच्या माणसांनी दूर राहावं म्हणून. आमच्यासाठी ती धोक्याची सूचना होती, तुमच्यासाठी ती वेळेची सूचना आहे: बीकन लागला म्हणजे विमान लवकरच हलणार. तो मिनिटाला ४० ते १०० वेळा लुकलुकतो. आठ सेकंदांचं शटर ठेवलंत तर त्यात पाचापासून तेरापर्यंत लाल झोत पडतात आणि विमानाचं पोट, चाकं, खालचं काँक्रीट सगळं लाल रंगतं. कधी ते सुंदर दिसतं. नको असेल तर आयएसओ वाढवून शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणा आणि दोन झोतांच्या मधली फट पकडा. दोन-चार लुकलुक मोजल्या की तिची लय हातात बसते.

पंखांच्या टोकांवरचे पांढरे स्ट्रोब, म्हणजे लखलखून विझणारे दिवे, साधारणपणे विमान धावपट्टीवर शिरताना लागतात. लांबून काही कळत नसलं तरी स्ट्रोब लागले की समजा, आता उड्डाण. डाव्या पंखावर लाल आणि उजव्यावर हिरवा दिवा कायम असतो. दोन्ही दिसले आणि लाल तुमच्या उजव्या हाताला असला, तर विमान तुमच्याकडे तोंड करून आहे. अंधारात कुठलं विमान आपल्या बाजूला वळणार हे मी अजूनही याच खुणेवरून ठरवते.

चालत्या विमानासाठी मिट्ट रात्रीची वाट पाहू नका. सूर्य क्षितिजाखाली चार ते सहा अंश गेलेला असताना आकाश गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि विमानाच्या अंगावर अजून थोडा उजेड असतो. विषुववृत्ताजवळ ही वेळ झटकन संपते, ध्रुवांकडे जावं तशी लांबत जाते. तेव्हा एफ/२.८ किंवा तुमची लेन्स जितकी उघडेल तितकी, आयएसओ ३२०० ते ६४००, शटर १/६० ते १/१२५ आणि वर सांगितलेलं पॅनिंग. दाणे येतील. येऊ द्या. दाणेदार पण स्पष्ट फोटो मला नितळ पण हललेल्या फोटोपेक्षा कधीही प्रिय आहे, कारण दाणे नंतर कमी करता येतात, हललेलं विमान दुरुस्त होत नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, काढा. आणि काळोखा फोटो नंतर उजळ करण्यापेक्षा मुळातच पुरेसा उजेड घ्या, दाण्यांचा खरा त्रास अंधारे भाग नंतर उजळल्यावर सुरू होतो.

पूर्ण अंधार झाला की समोरून येणाऱ्या विमानाचे लँडिंग लाइट सगळं गिळून टाकतात. तेव्हा बाजूने बघा. अनेक कंपन्या शेपटीवर खालून उजेड टाकणारे दिवे लावतात, त्यामुळे शरीर अंधारात आणि शेपटीवरचं चिन्ह झळकत असलेलं, असा फोटो मिळतो.

तिसरं काम रेघांचं, आणि ते सगळ्यात सोपं आहे. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, शटर २० ते ३० सेकंद. विमान चौकटीत शिरण्याआधी उघडा, बाहेर गेल्यावर बंद करा. लँडिंग लाइटची जाड रेघ येते आणि तिच्या कडेने स्ट्रोबचे ठिपके. ते ठिपके नीट बघा. एअरबस ए३२० घराण्यातल्या विमानांचा स्ट्रोब दोनदा झटपट लुकलुकून थांबतो, म्हणून ठिपके जोडीने उमटतात. उतरणारं विमान सेकंदाला सुमारे ७० मीटर जात असल्याने ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे त्या विमानाच्या वेगाचं मोजमापच असतं. विमान स्वतः न दिसता त्याचं घराणं आणि वेग फोटोत राहतो, याचा मला आजही आनंद होतो.

दोन छोट्या गोष्टी. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झ असतो तिथे बऱ्याच खांबांचे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/५०० सारखं शटर ठेवलं की एक फोटो पिवळट, पुढचा काळपट असं होतं. १/५० किंवा त्याहून संथ शटरला हा त्रास बराच कमी होतो. आणि पाऊस पडून गेलेली रात्र घरात काढू नका. ओल्या काँक्रीटवर टॅक्सीवेचे, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या रस्त्याचे निळे दिवे, धावपट्टीच्या सुरुवातीचे हिरवे, विमानाचं पोट, सगळं उलटं उतरतं. माझे सगळ्यात आवडते फोटो अशा रात्रींचे आहेत.

फ्लॅश मात्र कधीही नाही. तो विमानापर्यंत पोचतही नाही आणि वैमानिकाच्या दिशेने अंधारात अचानक उजेड टाकणं चूक आहे. लेझर तर गुन्हाच.

प्रश्न : दुपारी ४०० मिमीच्या लेन्सने काढलेली विमानं पाण्याखाली असल्यासारखी वाकडी दिसतात. लेन्स खराब आहे का?

आधी एक चाचणी करा. एकाच विमानाचे लागोपाठ पाच-सहा फोटो काढा आणि खिडक्यांची रांग बघा. प्रत्येक फोटोत रांग वेगळ्या ठिकाणी वाकली असेल तर दोष हवेचा. सगळ्यांत सारखाच मऊपणा असेल तर फोकस किंवा लेन्स तपासा.

तुमच्या वर्णनावरून हवाच वाटते. तापलेल्या काँक्रीटवरून गरम हवेचे पट्टे वर चढतात, गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वळतो. यावर कुठलीही लेन्स उपाय नाही. उलट जितकी लांब पल्ल्याची लेन्स, तितकी जास्त हवा मध्ये येते. सूर्योदयानंतरचा पहिला तास, ढगाळ दिवस, पावसानंतरची वेळ, किंवा विमान जमिनीपासून बरंच वर असतानाचा क्षण, हे उपाय. विमानाच्या जवळची जागा शोधा. स्वतःच्या पायाशीही बघा: तापलेल्या गाडीच्या टपावरून फोटो काढत असाल तर निम्मी लहर तिथेच तयार होते. थंडीत गाडीच्या उघड्या काचेतून काढलात तरी तेच, आतली ऊबदार हवा लेन्ससमोरूनच बाहेर पडत असते.

प्रश्न : सुरुवातीला किती मिमीची लेन्स घ्यावी? फोनवर भागेल का?

आकडेमोड सोपी आहे. ए३२० ची लांबी साडेसदतीस मीटर. हे विमान तुमच्यापासून ४०० मीटरवर असेल तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्याने चौकट काठोकाठ भरायला सुमारे ३८० मिमी लागतात, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात २५० मिमी. काठोकाठ कधीच नको असतं, थोडं आकाश हवं. म्हणून लहान सेन्सर आणि ७०-३०० मिमी ही जोडी वर्षानुवर्षं पुरते. तुमची नेहमीची जागा नकाशावर मोजा आणि मग लेन्स निवडा, जाहिरात बघून नको.

फोनने लांबचं विमान ओढून मोठं करू नका. पण डोक्यावरून जाणारं विमान, संध्याकाळची काळी आकृती, आणि फोन एखाद्या आधारावर घट्ट टेकवून काढलेलं रात्रीचं उभं विमान, हे फोनला छान जमतं.

प्रश्न : ठरवून जावं तर विमानं नेमकी पलीकडच्या टोकाने उतरतात. आधी कळायचा काही मार्ग आहे का?

वारा बघा. विमानं वाऱ्याच्या तोंडाला उतरतात आणि उडतात. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिच्या चुंबकीय दिशेचे अंश, शेवटचं शून्य काढून: २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. तिचंच दुसरं टोक ०९. विमानतळांचे हवामान अहवाल सर्वांना उपलब्ध असतात, बहुतेक ठिकाणी दर तासाला किंवा अर्ध्या तासाला. त्यात वारा २७० अंशांवरून, म्हणजे पश्चिमेकडून, १२ नॉट (वेगाचं एकक) असा दिसला, तर विमानं पूर्वेकडून येऊन २७ वर उतरतील. मंद वाऱ्यात, आणि विशेषतः रात्री, आवाजाच्या नियमांमुळे याला अपवाद असतात.

उतरण्याचा नेहमीचा उतार तीन अंशांचा. म्हणजे चाकं टेकायच्या जागेपासून एक किलोमीटर अलीकडे विमान सुमारे ५२ मीटर उंचीवर असतं, दोन किलोमीटरवर त्याच्या दुप्पट. झाडं, इमारती आणि तुमची जागा या आकड्याशी ताडून बघा. मग सूर्य: तो पाठीशी हवा. उत्तर गोलार्धात पूर्व-पश्चिम धावपट्टीच्या दक्षिणेला उभं राहिलात तर दिवसाचा बराच वेळ तो पाठीशी राहतो.

विमानाची जागा दाखवणारी अॅप उपयोगी आहेतच. विमानं स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख आणि ठिकाण सांगत असतात, अॅप तेच गोळा करतात. पण ती पाहता पाहता आकाशाकडे बघायचं राहून जातं. वारा आणि कान यांवर भर द्या.

प्रश्न : प्रवासात खिडकीतून काढलेल्या फोटोंत इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात. काच साफ करूनही जात नाहीत.

लेन्सवरचा पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, काढा. खिडकी काचेची नसून ताणून घडवलेल्या अॅक्रिलिकची असते. त्या ताणातून जाणारा प्रकाश पोलरायझरमधून पाहिला की रंगीत पट्टे दिसतात. फिल्टर नसला की पट्टे नाहीत.

खिडकीच्या खालच्या भागात एक बारीक छिद्र दिसेल. ते मधल्या थरात मुद्दाम ठेवलेलं असतं, दाबाचा भार बाहेरच्या थराने घ्यावा आणि वाफ साचू नये म्हणून. त्याच्या भोवती बर्फाची नक्षी जमते, तेव्हा चौकट त्याच्या वरून धरा. लेन्स खिडकीला अगदी जवळ, पण टेकलेली नाही, टेकली की थरथर कॅमेऱ्यात उतरते. अॅपर्चर मोठं ठेवलं की ओरखडे विरघळतात. इंजिनाच्या मागची सीट टाळा, गरम झोत सगळं हलवतो. रात्री गडद जाकीट डोक्यावरून आणि खिडकीभोवती घ्या, समोरच्या सीटवरचा टीव्ही बंद करा. आणि केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी कॅमेरा ठेवायला सांगितलं तर लगेच ठेवा.

प्रश्न : कुंपणाबाहेर उभा असताना सुरक्षारक्षकाने हटकलं. मी काही चूक करत नव्हतो. काय म्हणायला हवं होतं?

शांतपणे नाव सांगायचं, ओळखपत्र दाखवायचं, काढलेले फोटो दाखवायचे आणि जा म्हटलं तर जायचं. वाद घालून आजचा फोटो मिळत नाही आणि उद्याची जागाही जाते. आपण काय करतोय ते समोरच्याला ठाऊक नसतं, हे लक्षात घ्या.

हे मी अगदी गांभीर्याने लिहिते आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसच्या कलामाता इथल्या हवाई दलाच्या तळावर १२ ब्रिटिश आणि २ डच विमानप्रेमींना अटक झाली. विमानांचे क्रमांक टिपणं हा त्यांचा छंद, पण तिथल्या यंत्रणेला ती हेरगिरी वाटली. महिन्याहून जास्त काळ ते कोठडीत होते, एप्रिल २००२ मध्ये दोषी ठरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपिलात सुटले. निर्दोष होते, तरी वर्ष गेलं. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. जिथे जाल तिथला नियम आधी वाचा, परवानगी लागत असेल तर लेखी घ्या, आणि लष्करी बाजूकडे लेन्स वळवू नका.

दुसऱ्या टोकाला असेही विमानतळ आहेत जे आपल्यासारख्यांना बोलावतात. मँचेस्टरला धावपट्टीशेजारी खास बाग आहे, तिथे एक काँकॉर्डही, म्हणजे आवाजाहून वेगाने उडणारं जुनं प्रवासी विमान, ठेवलं आहे. झुरिकला प्रेक्षकांसाठी गच्ची आहे. अशा जागेवरून सुरुवात केलीत तर शेजारी उभ्या अनुभवी लोकांकडून एका दुपारी जे शिकाल ते मला इथे लिहूनही सांगता येणार नाही.

जवळ जायच्या मोहाबद्दलही. कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावरचा माहो समुद्रकिनारा धावपट्टीला इतका चिकटून आहे की विमानं डोक्यावरून जातात. २०१७ मध्ये तिथे उड्डाण करणाऱ्या जेटच्या झोताने फेकली जाऊन एका महिलेचा मृत्यू झाला. मी इंजिनांच्या आसपास काम केलं आहे. त्या झोताची ताकद डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो घातक आहे. उड्डाणासाठी उभ्या विमानाच्या मागे थांबू नका.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी विमानांचे क्रमांक वहीत लिहिते आणि माझ्या जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढते. घरातले म्हणतात, यातून काय मिळणार? तुम्ही काय सांगाल?

तिला ती वही जपून ठेवायला सांगा. तारीख, वेळ, ठिकाण, विमानाचा प्रकार, नोंदणी, वारा, एवढं प्रत्येक फोटोसोबत लिहिलं तर त्या वहीचं मोल दर वर्षी वाढत जाईल.

नोंदणी म्हणजे विमानाच्या अंगावरची अक्षरं. भारताची व्हीटीने सुरू होतात, ब्रिटनची जीने, जर्मनीची डीने, जपानची जेएने. विमान दुसऱ्या देशात विकलं गेलं की ही अक्षरं बदलतात, रंग बदलतो, कधी प्रवासी विमानाचं मालवाहू होतं. पण कारखान्यात मिळालेला अनुक्रमांक शेवटपर्यंत तोच राहतो. त्यामुळे तुमच्या मुलीने आज टिपलेलं विमान पंधरा वर्षांनी तिला दुसऱ्या नावाने, दुसऱ्या रंगात भेटू शकतं, आणि ते तेच आहे हे ती सिद्ध करू शकते.

बोइंग ७४७ पहिल्यांदा उडालं ९ फेब्रुवारी १९६९ रोजी. अशी १५७४ विमानं बनली, शेवटचं जानेवारी २०२३ मध्ये कारखान्यातून ग्राहकाकडे गेलं. एअरबसच्या दुमजली ए३८० ची शेवटची डिलिव्हरी डिसेंबर २०२१ ची. काँकॉर्ड २६ नोव्हेंबर २००३ नंतर उडालंच नाही. हाँगकाँगचा काई ताक विमानतळ जुलै १९९८ मध्ये बंद झाला. इमारतींच्या गच्च्यांवरून वळून उतरणाऱ्या विमानांचे तिथले जे फोटो आज आपण बघतो, त्यांतले कितीतरी छंद म्हणून उभ्या राहिलेल्या लोकांनी काढलेले आहेत. ती जागा आता कोणालाही पुन्हा टिपता येणार नाही. त्या लोकांनाही घरातून हाच प्रश्न विचारला गेला असणार.

मुलीला एक दुर्बीण द्या, कॅमेऱ्याहून आधी. आणि नेहमीची, रोज दिसणारी विमानंही टिपायला सांगा. दुर्मीळ विमानाचे फोटो सगळेच काढतात. साध्या विमानांचे कोणी काढत नाही, आणि मग ती निघून गेल्यावर शोधूनही सापडत नाहीत.

प्रश्न : चंद्रावरून जाणाऱ्या विमानाचा फोटो काढायचा आहे. कितीदा बसलो, हुकतो. आणि सूर्यावरून जाणाऱ्याचा काढता येतो का?

हुकणं साहजिक आहे. चंद्राची रुंदी आकाशात अर्धा अंश. १० किलोमीटर अंतरावर अर्धा अंश म्हणजे ९० मीटरांच्या आसपास. त्या उंचीवरचं विमान सेकंदाला सुमारे २५० मीटर जातं. म्हणजे आडवं जाणारं विमान चंद्र पार करतं ते साधारण एक तृतीयांश सेकंदात. विमान दिसल्यावर शटर दाबलं तर उशीर झालेलाच असतो.

म्हणून आधी मार्ग शोधा. तुमच्या डोक्यावरचे हवाई मार्ग रोज जवळपास तेच असतात. कुठल्या वेळी चंद्र त्या मार्गाच्या रेषेत येतो ते काही संध्याकाळी नुसतं बसून टिपून घ्या. मग ट्रायपॉड, फोकस चंद्राच्या विवरांवर हाताने बसवलेला, शटर १/१००० च्या आसपास. पौर्णिमेच्या मागेपुढे चंद्र इतका उजळ असतो की एफ/८ आणि आयएसओ ८०० ला हे शटर सहज मिळतं. विमान चंद्रापासून दोन-तीन बोटं दूर असतानाच सलग फोटो काढायला सुरुवात करा. मोठ्या विमानांची वाट बघा: बोइंग ७७७-३००ईआर चा पंखविस्तार सुमारे ६५ मीटर, १० किलोमीटरवर तो चंद्राच्या दोन तृतीयांशाहून जास्त जागा व्यापतो. मागे पांढरी रेघ असेल तर विमान निघून गेल्यावरही थांबा. ती रेघ चंद्रावरून वाहत जाते आणि चंद्राची कड तिच्यामागे थरथरते, तोही फोटो घ्या.

सूर्याचा काढता येतो, पण लेन्सच्या पुढच्या तोंडावर बसणारा, सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर असेल तरच. साधा एनडी फिल्टर चालत नाही, कितीही काळा असला तरी. फिल्टरशिवाय ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्य एक क्षणही बघू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. फिल्टर लावण्याआधी तो प्रकाशासमोर धरून त्याला टाचणीएवढंही भोक नाही ना, हे दर वेळी तपासा, आणि तो वाऱ्याने निघणार नाही असा चिकटपट्टीने पक्का करा.